साठ निरोगी माणसं

दार उघडायच्या आधीच, बाहेर व्हरांड्यात नुसता पाय वाजला तेवढ्यावर, पडद्यावरची हिरवी रेघ उसळली. इतका वेळ ती गुमान आडवी चालली होती. पियूष टेबलावर उताणा पडला होता. डाव्या तळहाताला एक गोल पट्टी, हाताच्या पाठीला एक, छातीवर तीन, आणि भोवती मेडिकलच्या पहिल्या वर्षाची बावीस मुलंमुली नवेकोरे पांढरे कोट घालून वाकून उभी. "बघितलंत?" प्राची मुलांना म्हणाली. ती त्याच्याच विभागात, त्याच्याहून चार वर्षांनी धाकटी. "हा घाम. सरांना विचारून आलेला नाही. आवाज झाला, आत कोणीतरी दचकलं, तळहात ओला. म्हणून तर म्हणते, शरीराचा अर्धा कारभार आपल्याला न विचारता चालतो. आणि आपण तो सुई न टोचता, रक्ताचा थेंब न काढता मोजतो." पुढच्या रांगेतली एक चष्मेवाली मुलगी म्हणाली, "पण मॅडम, मघाशी तुम्ही कानाशी टाळी वाजवली, तेव्हा रेघ याच्या निम्मीसुद्धा गेली नव्हती." "सर टाळीला नाही घाबरत, चपलेला घाबरतात," मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. पियूषही हसला. उताण्या माणसाला हसताना पोट हलतं, त्यानं छातीच्या रेघेत गिचमिड झाली, आणि त्या गिचमिडीत आपलं तोंड लपलं याचं त्याला बरं वाटलं.

चप्पल त्याला पाठ होती. एक पाय टेकायचा, दुसरा घासत यायचा. महिनाभर तो हा आवाज ऐकत होता आणि महिनाभर मागच्या जिन्यानं ये-जा करत होता. दार ढकलून श्रावण आत आला. हातात बर्फाचं घमेलं, खांद्यावर टॉवेल. पुढचा प्रयोग बर्फाच्या पाण्यात हात बुडवायचा होता, आणि बर्फ फोडून आणणं हे विभागात पंचवीस वर्षं श्रावणचंच काम. "ठेवू का इथं सर?" तो म्हणाला. पियूषनं मान हलवली. पडद्यावर रेघ पुन्हा उठली. आता तर काही वाजलंही नव्हतं. प्राचीनं त्याच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, आणि चांगल्या सहकाऱ्यासारखं मुलांचं लक्ष घमेल्याकडे वळवलं. श्रावण घमेलं ठेवून उभा राहिला, जरासा कलून. त्याच्या उजव्या पायाची दोन बोटं जूनमध्ये कापली होती. त्यानं पडद्याकडे कौतुकानं पाहिलं. "सरांचं मशीनवर मस्त येते," तो मुलांना म्हणाला. "माझं नव्हतं आलं बरोबर." आणि घासत निघून गेला. पियूषनं डोळे मिटून घेतले. प्रयोगात डोळे मिटलेलेच बरे असतात, त्यामुळे त्याचं कोणाला काही वाटलं नाही. बर्फाच्या पाण्यात हात घातला तेव्हा मुलांनी घड्याळ लावलं. एक मिनिट. लोक तिसाव्या सेकंदाला तोंड वाकडं करतात. तो साठ सेकंद सोडून नव्वद सेकंद बसला, हाताची हाडं ठणकेपर्यंत, आणि प्राचीनं मनगट धरून हात वर काढला तेव्हा त्याला तिचा रागच आला.

गेल्या ऑक्टोबरात त्याला साठ निरोगी माणसं हवी होती. आपल्या भागातल्या धडधाकट माणसांचं काळीज, रक्तदाब, घाम कसा चालतो याचे आकडेच कुठं नव्हते. पुस्तकातले सगळे परदेशातले. हा विचार चांगला होता, त्यात खोट नव्हती, आणि पियूषला तो मनापासून आवडला होता. माणसं श्रावणनं गोळा केली. ओळखीपाळखीचे, नात्यातले, चहाच्या टपरीवरचे, वणीच्या खाणीत पाळी करणारे, हमरस्त्यावरचे ट्रकवाले. "काई नाई करत, नुसता श्वास घेवाचा आन उभं राहाचं," असं सांगून तो एकेकाला घेऊन यायचा. पियूष विचारायचा, काही आजार आहे का, काही गोळी चालू आहे का. ते म्हणायचे, नाही. बस, निरोगी. मग एकेकाला निजवून मिनिटाला सहा श्वास घ्यायला लावायचे, पाच सेकंद आत, पाच सेकंद बाहेर. धड माणसाचं काळीज श्वास आत घेताना पळतं, बाहेर सोडताना मंदावतं, आणि त्या दोहोंत पंधरा ठोक्यांचा तरी फरक पडतो. मग उठून उभं करायचं आणि वरचा रक्तदाब किती उतरतो ते बघायचं. श्रावण चव्वेचाळिसावा होता. त्या दिवशी तो अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून आला होता. त्याच्या ठोक्यांत फरक पडला पाचाचा. उभा राहिल्यावर दाब तीसनं उतरला आणि त्यानं टेबलाची कड धरली. पियूषनं परत घेतलं. परत पाच.

त्या वेळी आपल्याला कळलं होतं की नव्हतं, हा प्रश्न पियूष स्वतःला तीन महिने विचारत होता, आणि खरं सांगायचं तर त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. कळलं होतं. दुसऱ्या वर्षाच्या पोरालाही कळेल. आतल्या नसा वाळत चालल्या, बहुधा साखर, बहुधा बरीच वर्षं. पण ते ज्या जागी कळलं त्या जागेच्या वर दुसरंच काहीतरी बसलं होतं: हा आकडा बसत नाही. निरोगी माणसांच्या तक्त्यात हा आकडा बसत नाही, त्यानं सरासरी बिघडते, आणि परिषदेला सारांश पाठवायची तारीख नऊ दिवसांवर आहे. त्यानं पेन्सिलीनं चव्वेचाळीसवर आडवी रेघ मारली आणि पुढं लिहिलं, श्वास नीट घेतला नाही. आणि श्रावण पट्ट्या काढत विचारत होता, "कसं आलं सर?" तर त्याला म्हणाला, "श्वास जरा चुकला तुमचा, श्रावणभाऊ. काही हरकत नाही, दुसरा माणूस घेऊ." असं तो किती सहज बोलला होता! आवाजात वैताग नव्हता, उलट मोठेपणा होता, जाऊ दे, माफ केलं असा. श्रावण खजील झाला. आणि मग प्रत्येकाला द्यायचं म्हणून आधीच छापून ठेवलेल्या गठ्ठ्यातलं एक प्रमाणपत्र पियूषनं त्यालाही दिलं. सगळ्यांना दिलं तर यालाच कसं नाही? जाड कागद, सोनेरी कड, खाली पियूषची सही. 'निरोगी स्वयंसेवक म्हणून संशोधनात सहभागी झाल्याबद्दल.' श्रावणनं ते दोन्ही हातांनी घेतलं होतं.

मुलं गेली. प्राची यंत्र बंद करून गेली. जाताना दारात थांबून म्हणाली, "सर, बरं आहे ना?" तो म्हणाला, "झोप झाली नाही." तळहातावर पट्टीखाली लावलेली जेली तशीच होती. त्यानं ती पुसली नाही. चौथीत असताना शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्यानं व्हरांड्यात तापमापक टांगून पंधरा दिवसांचं तापमान लिहिलं होतं, एप्रिलमध्ये, यवतमाळच्या उन्हात. एक दिवस तापमापकावर ऊन आलं आणि पारा बावन्नवर गेला. त्यानं बावन्न लिहिलं. वडील, सदाशिवराव, कचेरीत हेडक्लार्क. त्यांच्या अक्षराची तारीफ साहेब लोक करायचे, आणि खाडाखोड झालेला कागद त्यांना अंगावर शिंतोडा उडाल्यागत वाटायचा. त्यांनी तक्ता पाहिला आणि म्हणाले, "हा आकडा इथं शोभत नाही. त्रेचाळीस कर." खोडायचं नाही, अख्खा कागद नव्यानं लिहायचा. त्यानं लिहिला, जीभ दातात धरून, आणि पहिलं बक्षीस मिळालं. आई, रत्नप्रभा, हिनं तो तक्ता बरीच वर्षं कपाटाच्या दाराला आतून लावून ठेवला होता. आता हे सगळं वडिलांवर ढकलता येतं का म्हणून त्यानं मनाशी करून पाहिलं. वडील साधे होते, त्यांनी कोणाच्या पायाची बोटं घालवली नव्हती. ढकलणं जमलं नाही. उलट ढकलून बघितलं याचीच आणखी लाज वाटली. माणसानं एका लाजेतून उठावं तर दुसरी पुढ्यात बसलेली, असं चाललं होतं त्याचं.

मे महिन्यात श्रावणची बायको मथुराबाईनं गच्चीवर कुरडया घातल्या. श्रावण कावळे हाकलायला दुपारभर वर अनवाणी फिरला. स्लॅब तव्यासारखी तापलेली. त्याला चटका जाणवलाच नाही. संध्याकाळी मथुराबाईला फरशीवर ओले डाग दिसले, तेव्हा त्याचा तळवा फोडांनी भरलेला होता आणि तो निवांत बसून भाकर खात होता. मग ते चिघळलं. साखर तपासली ती साडेतीनशेच्या वर. बोटं गेली. पियूष सातव्या दिवशी वॉर्डात गेला, सफरचंदं घेऊन. सात दिवस का लागले? कामं होती. श्रावण झोपला होता. मथुराबाई बाकावरून उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "काय सांगू साहेब, दिवाळीपासून म्हनून राह्यली होती मी, तुमाले चक्कर येते, रात्रीतून चारदा उठता, चाला दवाखान्यात. तं हे तुमचा कागद दाखवत होते मले. डॉक्टरनं मशीनवर पायलं, सही केली, तू काय डॉक्टरपेक्षा शायनी हायेस काय म्हने." ती रागानं बोलली नव्हती. नवऱ्याची तक्रार करावी तशी बोलली होती. त्या वेळी बोलता आलं असतं. तोंड उघडलं होतं त्यानं. आणि त्यातून निघालं ते, "असं होतं कधी कधी, वहिनी." सफरचंदं पिशवीतून काढून त्यानं एकेक करून खाटेजवळच्या कपाटावर मांडली, जणू तेवढंच काम शिल्लक होतं. त्याच आठवड्यात त्याचा शोधनिबंध छापायला घेतल्याचं पत्र आलं. विभागात पेढे वाटले गेले. श्रावण रजेवर होता, म्हणून पेढे वाटले ते प्राचीनं.

घमेल्यातल्या बर्फाचं पाणी झालं होतं. चार वाजले असतील. चप्पल पुन्हा वाजली, आणि आता तळहाताला पट्टी नव्हती तरी पियूषला तो ओला झालेला कळला. श्रावण घमेलं उचलायला आला. त्याला आत बसलेला पाहून म्हणाला, "सर, घरी नाई गेले?" आणि वाकला. वाकून उठताना त्यानं सवयीनं टेबलाची कड धरली. तोच हात, तीच कड. पियूष म्हणाला, "श्रावणभाऊ, बसा." श्रावण बसला नाही. पंचवीस वर्षांत तो या खोलीत बसला नव्हता, निजला होता एकदाच. "मघाशी तुम्ही म्हणालात, माझं बरोबर आलं नव्हतं."

"हो ना सर." श्रावण ओशाळून हसला. "मले लय वाईट वाटलं होतं तवा. सगळ्यायले मी सांगत होतो, असा घ्या श्वास, असा सोडा, आन मीच चुकलो. तुमचं काम बिघडवलं. मंग मी घरी करून पाह्यला सर. सकाळी उठून, आमच्या पोरीच्या, मोनालीच्या मोबाइलात घड्याळ लावून. पाच आत, पाच बाहेर. महिना दोन महिने केलं असन. म्हटलं, सर पुन्हा बोलावतील तं आता चुकाचं नाई."

पियूषला वाटलं आपण उठून बाहेर जावं. मागच्या जिन्यानं, स्कूटरवर, कुठंही. हा माणूस गेलं वर्षभर त्याच्यासमोर लाजत होता. जी लाज पियूषची होती ती त्यानं त्या दिवशी पट्ट्यांबरोबर याच्या अंगाला लावून दिली होती, आणि हा ती पहाटे उठून श्वासाबरोबर आत-बाहेर करत बसला होता. "तुमचा श्वास चुकला नव्हता," तो म्हणाला. आवाज बारीक निघाला. "तुम्ही बरोबर घेतला होता. दोन्ही वेळा."

श्रावणचा चेहरा उजळला. खरंच उजळला, पोराला पास झाल्याचं कळावं तसा. "बरोबर होता? मी म्हटलंच होतं मोनालीले. मंग मशीन चुकली असन."

"मशीनही बरोबर होती." आणि मग पियूषनं सांगितलं. पाच ठोके, तीस दाब, साखर, पेन्सिलीची रेघ. सांगताना त्याला दिसत होतं की समोरच्या चेहऱ्यावरचा आनंद लगेच जात नाहीये. तो जागेवरच राहिला, नुसता त्याच्या खालून आधार निघाला. श्रावणनं घमेलं खाली ठेवलं. पाणी हिंदकळून त्याच्या पायावर गेलं. तो पायाकडे बघत राहिला.

"काहून नाई सांगतलं सर?"

याची उत्तरं पियूषकडे होती. रात्ररात्र घासूनपुसून ठेवलेली. संशोधनात निदान करायचं नसतं. एका तपासणीवरून काही म्हणता येत नाही. मला खात्री नव्हती. त्यातलं एकही उत्तर श्रावणच्या पायाकडे बघून तोंडातून निघेना. "साठ निरोगी माणसं पूर्ण करायची होती," तो म्हणाला. "तुमचा आकडा बसत नव्हता."

बाहेर कोणीतरी वर्गखोलीला कुलूप लावत होतं. मग श्रावण म्हणाला, आणि त्यात 'सर' नव्हतं, "हे घरी येऊन सांगा. माझ्या बायकोसमोर. तिले मी लय बोललो त्या कागदापायी."

"येतो. उद्या येतो."

"उद्या नाई. आता चाला."

कर्मचाऱ्यांच्या खोल्या कॉलेजच्या मागेच होत्या. पियूष त्याच्या बाजूनं चालत होता आणि पावलं आपोआप पुढं पडत होती, ती त्याला मागं ओढावी लागत होती. वाट संपू नये असं त्याला वाटत होतं, आणि या पायासाठी लवकर संपावी असंही. दारात मोनालीची सायकल होती. मथुराबाई भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली होती. ती लगबगीनं उठली. "अगं बाई, साहेब! बसा न. च्या मांडतो."

"च्या मागून," श्रावण म्हणाला. "त्यायले तुले काई सांगाचं हाये."

खुर्ची पुढं आली. पियूष बसला नाही. भिंतीवर सोनेरी कडेचा कागद चौकटीत होता, त्याच्याकडे पाठ करून त्यानं उभ्यानंच सगळं परत सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं, तसं काही नसतं. मथुराबाई ऐकताना त्याच्याकडे बघतच नव्हती. ती नवऱ्याकडे बघत होती. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "मी म्हनत होती."

"हो," श्रावण मान खाली घालून म्हणाला. "तू म्हनत होती."

पियूषला वाटलं, झालं. आता रडू येईल, शिव्या येतील, हाकलून देतील. जे येईल ते घ्यायचं आणि निघायचं, आणि उद्यापासून समोरच्या जिन्यानं जायचं. खरं म्हणजे त्याला हलकं वाटायला लागलं होतं, आणि ते हलकेपण त्याला आवडत होतं. तेवढ्यात मथुराबाई त्याच्याकडे वळली. डोळे कोरडे होते. "आनखी कितीक लोकायचं असं खोडलं साहेब?"

त्याला प्रश्न ऐकू आला आणि तरी क्षणभर तो कळला नाही. चार. पासष्ट तपासले होते, साठ ठेवले होते. बारा, अठ्ठावीस, सदतीस, एकसष्ट. तीन महिने तो झोपला नव्हता तो एकट्या चव्वेचाळीससाठी, कारण चव्वेचाळीस रोज बर्फ घेऊन समोर येत होता. बाकीचे चौघे कुठं येत होते? त्यांची चप्पल व्हरांड्यात वाजत नव्हती. त्यांच्यासाठी त्याचा तळहात एकदाही ओला झाला नव्हता.

"चार," तो म्हणाला.

"त्यायले सांगतलं?"

"नाही."

"कोन हायेत ते?"

"नावं..." तो म्हणाला. "तक्त्यात नावं नसतात, वहिनी. नावं गुप्त ठेवायची असतात. क्रमांक असतात." हे नियमाला धरूनच होतं आणि बोलताना त्याचे कान तापले.

श्रावण आत गेला. मोनालीची जुनी अर्धी भरलेली वही घेऊन आला. मागच्या बाजूनं त्याच्या मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरात पासष्ट नावं होती, नावापुढं फोन. "बोलवाले फोन लागत होते ना," तो बायकोला म्हणाला. मग पियूषला, "नंबर सांगा."

"बारा."

श्रावणचं बोट खाली सरकलं. "हिरासिंग. पांढरकवड्याचा, ट्रकवाला."

"अठ्ठावीस."

"लालीबाई. हिरासिंगची मोठी बहीन. त्याच्याच संगं आल्ती."

"सदतीस."

"बाबाराव. वणीचा, खानीतला."

"एकसष्ट."

"पुष्पा." श्रावणचं बोट तिथं थांबलं. "घाटंजीची. ही माझी मावसबहीन होय." त्यानं वही मिटली नाही. खिशातून फोन काढला, बाराव्या नावापुढचा नंबर लावला आणि फोन पियूषच्या हातात दिला. मथुराबाई खाली बसली आणि पुन्हा शेंगा सोलू लागली, पण हात चालत नव्हते.

घंटा वाजत राहिली. पियूषला बारावा आठवू लागला. दांडगा, मिशीवाला, उभा राहताना डोळ्यांपुढं अंधारी आली तर हसून म्हणाला होता, गाडीतून उतरताना रोजच असं होते साहेब. तक्त्यात त्याच्यापुढं काय लिहिलं होतं? हालचाल जास्त. "हॅलो, श्रावणभाऊ, बोला," पलीकडून इंजिनाच्या आवाजात हिरासिंग ओरडत होता, मागं हॉर्न वाजत होते. "गाडीवर हाव, बोला!"

"श्रावणभाऊ नाही, डॉक्टर पियूष बोलतोय," तो म्हणाला. "हिरासिंगभाऊ, आधी गाडी बाजूला घ्या."